वायरी गेल्या कुठे?

आंग मो किओत आमच्या ब्लॉकसमोर एक बहुमजली कारपार्क आहे. त्याच्या सर्वांत वरच्या, उघड्या मजल्यावर रविवारी उन्हं उतरली की चार-पाच जुन्या होंडा सिव्हिक येऊन उभ्या राहतात. मालक तिशी-चाळिशीतले, हातात दोरी बांधलेल्या प्लास्टिकच्या पिशवीतली कोपी. बॉनेटं उघडली जातात आणि मग अर्धा-पाऊण तास मंडळी एकमेकांच्या इंजिनांकडे बघत उभी राहतात. आपल्याकडे लग्नात रुखवत मांडलेलं असतं ना, तसं. हात लावायचा नाही, वाकून बघायचं, ‘हे घरी केलं की बाहेरून?’ असं विचारायचं आणि मनातल्या मनात आपल्या रुखवताशी ताडून बघायचं.

माझा इथे शिरकाव झाला तो आमच्या लॅबमधल्या एका तंत्रज्ञ मित्रामुळे. त्याची सिव्हिक १९९०च्या दशकातली. पहिल्यांदा त्यानं बॉनेट उघडलं तेव्हा मला वाटलं, इंजिन नुकतंच आणून ठेवलंय आणि जोडायचं राहिलंय. चारी बाजूंचा पत्रा गुळगुळीत, राखाडी, एकही भोक नाही. मधोमध लाल झाकणाचं इंजिन. बॅटरी नाही, फ्यूजची पेटी नाही, काच धुण्याच्या पाण्याची टाकी नाही, आणि वायर तर औषधालाही नाही. “वायरी गेल्या कुठे?” मी विचारलं. तो इतका खूश झाला की माझी कोपी त्याच्याकडून झाली. या पंथात याहून मोठा अभिप्राय नसतो, हे मला नंतर कळलं.

या प्रकाराला ‘वायर टक’ म्हणतात, आणि त्याच्या पुढच्या पायरीला ‘शेव्ह्ड बे’, म्हणजे अक्षरशः भादरलेली जागा. मूळ गाडीत वायरींचा जाडजूड जुडगा आतून पडद्याच्या पत्र्यातून बाहेर येतो, इंजिनावरून एक फांदी इंजेक्टरांकडे जाते, दुसऱ्या फांद्या दोन्ही कडांनी दिव्यांकडे, पंख्याकडे, हॉर्नकडे जातात. टक करणारा हा सगळा जुडगा काढतो, त्याची टेप सोलतो, एकेक वायर ओळखून लांब करतो आणि नवीन वाटेनं फिरवतो. इंजेक्टरांची फांदी हवेच्या नळ्यांच्या पोटाखालून. दिव्यांची मडगार्डच्या आतून, चाकाच्या वरच्या पोकळीतून. फ्यूजपेटी डॅशबोर्डखाली, बॅटरी डिकीत. मग उरलेली भोकं वेल्डिंग करून बुजवायची, घासायची, लांबी भरायची, रंगवायचं. माझ्या मित्रानं ओळखीच्या गॅरेजचा एक कोपरा मागून घेऊन आठ महिन्यांचे शनिवार यात घातले.

आधीच सांगते, ते सुंदर होतं. हे मी उपरोधानं म्हणत नाही. कुठल्याही नव्या गाडीचं बॉनेट उघडा, आत काळ्या प्लास्टिकचं एक भलंमोठं झाकण दिसतं, वर कंपनीचं नाव. खाली इंजिन आहे यावर विश्वास ठेवायचा. कंपन्याही लपवतातच, पण त्यांना इंजिनच लपवायचं असतं. माझ्या मित्रानं उलट केलं होतं. बाकीचं सगळं दूर करून त्यानं इंजिन पाहण्याजोगं केलं. ओतीव अॅल्युमिनियमचा खडबडीतपणा, नळ्यांची वळणं, हे सगळं पहिल्यांदा नीट दिसलं. मूर्तीभोवतीची हार-फुलं, नारळ, उदबत्त्या बाजूला केल्यावर मूळ दगड दिसावा तसं. त्या दिवशी मी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं की मी आज एक शिल्प पाहिलं.

गेल्या डिसेंबरात, ईशान्य मोसमी पावसात, ते शिल्प सीटीईवर रात्री साडेनऊला बंद पडलं. गाडीत मित्र, त्याची बायको आणि चार वर्षांची मुलगी. मधल्या लेनमध्ये इंजिन एकदम गेलं, ना खोकला, ना झटका. मागून येणाऱ्या लॉरीनं वेळेवर पाहिलं म्हणून निभावलं. कडेला ढकलून नेल्यावर त्यानं बॉनेट उघडलं. त्या क्षणाबद्दल तो आजही फार बोलत नाही. एवढंच म्हणाला, “बघण्यासारखं काहीच नव्हतं.”

मी लिहायला बसले ती या वाक्यामुळे. ज्या गोष्टीचं कौतुक होत होतं, तीच गोष्ट त्या रात्री अडचण होती. तेव्हा कौतुक नक्की कशाचं चाललं होतं?

दुसऱ्या दिवशी टो करून गाडी आंग मो किओच्या औद्योगिक वसाहतीत एका वयस्क अंकलकडे नेली. अंकल फक्त गाड्यांची वीज बघतात, इंजिनाला हात लावत नाहीत. मी कुतूहलानं सोबत गेले होते. अंकलनी बॉनेटात पाहिलं, मित्राकडे पाहिलं, आणि एकच विचारलं, “ड्रॉइंग आहे?” नव्हतं. डोक्यात होतं, म्हणजे आठ महिन्यांपूर्वी होतं. फ्यूज उडालेला सापडला, नवा घातला, तोही उडाला. म्हणजे कुठेतरी वायर पत्र्याला टेकत होती, पण कुठे? पुढचा बंपर काढला, चाक काढलं, मडगार्डचं प्लास्टिकचं अस्तर काढलं. आत हात घातल्यावर पाच काळ्या वायरी बाहेर आल्या. पाचही काळ्या.

इथे जरा थांबते, कारण माझ्या मते खरा गुन्हा इथे आहे, लपवण्यात नाही. त्या काळच्या होंडात चार इंजेक्टरांच्या वायरींना चार रंग: तपकिरी, लाल, निळा, पिवळा. त्यांना वीज पुरवणारी वायर पिवळी, तिच्यावर काळी रेघ. ज्यानं ती गाडी जन्मात पाहिली नाही असा माणूसही, होंडाची ही लिपी येत असेल तर, अंधारात टॉर्चच्या उजेडात ती वाचू शकतो. माझ्या मित्रानं वायरी लांब करताना सगळीकडे काळी वायर वापरली, कारण चुकून कुठे फटीतून दिसलीच तर रंगीत दिसू नये. लांबी वाढली आणि लिपी पुसली गेली. अंकलनी मग प्रत्येक वायर एका टोकाला सोडवून दुसऱ्या टोकाला मीटर लावत ओळखली. एका वायरीसाठी दोन दिवस. दोष सापडला तो अगदी साधा. पत्र्यातल्या भोकात रबरी ग्रोमेट नव्हतं. कडेवर वायर घासून घासून तिचं कातडं गेलं होतं, आणि चाकानं उडवलेलं पाणी तिथे पोहोचलं होतं. मूळ कारखान्यानं ती वायर चाकापासून लांब, वरून नेली होती. ती वाट दिसायला ओबडधोबड, पण कोरडी होती.

त्या रात्री मी मामाला फोन केला. माझा मामा कोल्हापूरच्या उद्यमनगरात चाळीस वर्षं ऑटो इलेक्ट्रिशियन होता. प्रीमियर पद्मिनी आणि अॅम्बेसेडरपासून सुरुवात केलेला. पद्मिनीचं बॉनेट उघडलं की इंजिनाच्या बाजूनं खालचा रस्ता दिसायचा, इतकी आत मोकळी जागा. वायरी मोजक्या, हाताच्या बोटांवर याव्यात अशा. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये रस्त्यावरून गेली तेव्हा वर्तमानपत्रांनी रंगाबद्दल, मीटरबद्दल, हिंदी सिनेमांबद्दल भरभरून लिहिलं. मामा म्हणाला होता, “त्या गाडीची वायरिंग कुणीच आठवंना झालंय.” तर या मामाला मी फोटो पाठवले, आधीचे, शिल्पाचे. त्यानं बराच वेळ बघितले असावेत.

“पोरगं हुशार हाय गं,” तो म्हणाला. “हात चांगला हाय. पर ही वायर बसीवल्याली न्हाई, लपीवल्याली हाय.”

फरक काय, मी विचारलं.

“आगं, बसीवल्याली वायर दुसऱ्याला गावती. लपीवल्याली त्याची त्यालाबी गावत न्हाई.”

मामाच्या हाताखाली मी शाळेच्या सुट्टीत बसलेय, म्हणून त्याचं ‘बसवणं’ काय असतं ते ठाऊक आहे. जुन्या घरांत लाकडी पट्टीवर क्लिपा ठोकून वायर नेलेली असायची, तिला आपण पट्टी फिटिंग म्हणायचो. स्विचपासून दिव्यापर्यंत नजर फिरवली की सगळा हिशेब कळायचा. मग केसिंग-कॅपिंग आलं, मग कन्सील्ड, आणि भिंतीत खिळा ठोकताना जीव मुठीत धरायचे दिवस आले. मामा गाडीतही पट्टी फिटिंगच्या शिस्तीनं काम करायचा. वायर कडेनं, सरळ, दर वितीला बांधलेली, वळणावर थोडी ढील, भोकातून जाताना रबर, आणि जोड कधीही अशा जागी नाही जिथे हात पोहोचत नाही. हे सगळं दिसायचं. दिसायला चांगलंही दिसायचं, पण त्याचं चांगलं दिसणं हा कामाचा परिणाम होता.

आता मित्राची बाजू. ती कच्ची नाही. तो म्हणतो, कारखान्यानं वायरी जिथे नेल्या त्या डोळ्यांसाठी नव्हेत हे खरं, पण दुरुस्तीसाठीही नव्हेत. त्या नेल्या जुळणीच्या पट्ट्यावरच्या कामगाराला कमीत कमी सेकंद लागावेत म्हणून. तेव्हा कारखान्याची वाट म्हणजे काही वेदवाक्य नाही. यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. पण मोटारस्पर्धांच्या गाड्यांकडे बोट दाखवून तो जेव्हा म्हणतो की तिथेही वायरी अशाच आवळून, काळ्या आवरणात घातलेल्या असतात, तेव्हा मात्र तो फसतो. तिथला जुडगा पिळून गोल केलेला असतो तो वाकावा आणि कंपनात तुटू नये म्हणून. आवरण असतं ते तेल आणि उष्णतेसाठी. आणि प्रत्येक टोकाला पट्टीवर क्रमांक छापलेला असतो, कारण दोन फेऱ्यांच्या मधल्या काही मिनिटांत तिघा-चौघांना त्यावर काम करायचं असतं. कारपार्कच्या मजल्यावर यातलं काळं आवरण तेवढं पोहोचलं. क्रमांक पोहोचले नाहीत, कारण क्रमांकांचा फोटो चांगला येत नाही.

बॅटरीचंही तसंच. ती डिकीत गेली की पुढे स्टार्टरपर्यंत पाचेक मीटर जास्तीची केबल आली. मी पडले पदार्थविज्ञानवाली, म्हणून हिशेब केला. तांब्याची १६ चौरस मिलिमीटरची केबल मीटरला साधारण १.१ मिलिओहम. पाच मीटरचे साडेपाच. सेल्फ मारताना दीडशे अँपिअर धरले तर त्या केबलमध्येच जवळजवळ ०.८ व्होल्ट जातात. बाराच्या बॅटरीत ते थोडे नव्हेत. दुपटीहून जाड केबल घातली तर नुकसान निम्म्याहून खाली येतं, पण ती महाग आणि वळायला आडमुठी. शिवाय बॅटरीच्या अगदी जवळ मोठा फ्यूज हवाच, नाहीतर अख्ख्या गाडीच्या पोटातून एक अशी तार जाते की ती पत्र्याला टेकली तर तिला थांबवणारं कुणी नाही. मित्रानं केबल जाड घातली होती, फ्यूजही होता. म्हणून मी त्याला आळशी म्हणणार नाही. त्यानं जे केलं ते मेहनतीनं केलं. फक्त कुणासाठी करतोय हे ठरवताना पुढचा मेकॅनिक त्याच्या यादीत नव्हता.

आणि सिंगापुरात तर तो यादीत पहिला हवा. इथे गाडी घेण्याआधी ती दहा वर्षं चालवण्याचा हक्क, म्हणजे सीओई, विकत घ्यावा लागतो. १९९०पासून ही पद्धत आहे. मुदत संपली की गाडी सोडून द्या, नाहीतर त्या वेळच्या सरासरी दरानं हक्क पुन्हा घ्या. २०२३च्या ऑक्टोबरात मोठ्या गाड्यांचं सीओई दीड लाख डॉलरला गेलं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, इथे नुसती मूठच त्याहून महाग. तीस वर्षांच्या गाडीवर जो माणूस पुन्हा दहा वर्षांचे पैसे भरतो, तो ती गाडी रुखवतात मांडण्यासाठी भरत नाही. तिनं पावसात मुलीला शाळेत न्यावं यासाठी भरतो. या गाड्या इथे दुर्मीळ आहेत, आणि त्यांची वीज जाणणारे अंकल त्याहून दुर्मीळ होत चाललेत.

जपानी लेखक जुनिचिरो तानिझाकी यांचा १९३३चा एक प्रसिद्ध निबंध आहे, सावल्यांच्या स्तुतीचा. लोक तो सौंदर्यशास्त्राचा ग्रंथ म्हणून वाचतात, पण त्याची सुरुवात अगदी आपल्या विषयापाशी आहे: जुन्या पद्धतीचं घर बांधायला निघालेल्या माणसाला विजेच्या तारा, गॅसच्या आणि पाण्याच्या नळ्या लपवताना किती मनस्ताप होतो ते. अंधाराचा एवढा मोठा भक्त, पण तो लपवण्याची बाजू घेत नाही. काही वेळा साध्या काचेच्या शेडखालचा उघडा बल्ब हा लपवण्याच्या आटापिट्यापेक्षा जास्त सहज दिसतो, असं त्याचं म्हणणं. मी हा निबंध मित्राला सांगितला. गाडी जपानी, तेव्हा लेखकही जपानीच बरा. उलट टोकाला पॅरिसचं पाँपिदू केंद्र आहे, १९७७चं. तिथे इमारतीची सगळी आतडी बाहेर टांगलेली, हवेच्या नळ्या निळ्या, पाण्याच्या हिरव्या, विजेच्या पिवळ्या. तेही प्रदर्शनच, हे मला मान्य. पण निदान निळी नळी पाहून आत हवा आहे हे कळतं. दोन्हींपैकी एक नाटक निवडायचं झालं तर मी ते निवडीन.

एवढं सगळं मी ज्या तावातावानं लिहितेय त्यामागे माझं स्वतःचं एक दुखणं आहे. दोन वर्षांपूर्वी आमच्या लॅबमध्ये मी माझा प्रयोग मांडला तेव्हा टेबलावरच्या सगळ्या केबली खाली नेल्या, आवळून बांधल्या, झाकणं लावली. पाहुणे आले की प्रोफेसर माझंच टेबल दाखवायचे. गेल्या वर्षी सिग्नलमध्ये ५० हर्ट्झची गुणगुण शिरली. तीन आठवडे मी माझ्याच बांधलेल्या गाठी कापत टेबलाखाली झोपून होते. कारण सापडलं: एकाच उपकरणाला दोन वाटांनी अर्थ मिळत होता, आणि त्या दोन्ही वाटा मी एकाच सुबक झाकणाखालून नेल्या होत्या. टेबल उघडं असतं तर नुसत्या नजरेला कळलं असतं. पोस्टडॉक म्हणजे दोन-तीन वर्षांचा पाहुणा. माझं काँट्रॅक्ट ऑगस्टात संपतंय. माझ्यानंतर येणारी मुलगी त्या टेबलाखाली झोपणार आहे, आणि मी फोन उचलीनच याची खात्री मीही देणार नाही. सध्या रोज संध्याकाळी केबलींना लेबलं लावतेय. दीडशेपैकी ऐंशी झाल्या.

मित्रानं गाडी पुन्हा उघडली. इंजेक्टरांची फांदी नळ्यांच्या पोटाखालीच ठेवली, कारण तिथे ती कोरडी आहे आणि हात पोहोचतो. त्यावर अंकलचीही हरकत नव्हती. मडगार्डमधून जाणारी मात्र बाहेर आणली. रंगीत वायर, कापडी टेप, चार क्लिपा, भोकात रबर. नकाशा त्यानं स्वतः काढला, अंकलनी दोन जागी दुरुस्त केला, एक प्रत हातमोज्यांच्या कप्प्यात असते. मामाला नवे फोटो पाठवले. त्याचं उत्तर आलं, “तिसरी क्लिप वाकडी हाय.”

पुढच्या रविवारी तो ती गाडी घेऊन वरच्या मजल्यावर गेला. मंडळी जमली, वाकून पाहिलं. गुळगुळीत राखाडी पत्र्यावरून डाव्या कडेनं काळा जुडगा सरळ दिव्यापर्यंत गेलेला, लपलेला अजिबात नाही. थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. मग एका विशीतल्या मुलानं अगदी सभ्यपणे विचारलं, “ही बाजू अजून करायची राहिलीय का?”

“नाही,” मित्र म्हणाला. “ही झाली. आता उजवी करायचीय.”